ओल धरलेला एचटी ट्रान्सफॉर्मर वाळवायचा कसा

जुन्या ट्रान्समीटरचा प्लेट ट्रान्सफॉर्मर (व्हॉल्व्हच्या प्लेटला उच्च व्होल्ट पुरवणारा, म्हणजेच एचटी किंवा हाय टेन्शन ट्रान्सफॉर्मर) मुंबईच्या चोर बाजारातून किंवा भंगारवाल्याकडून आणल्याआणल्या मेन्सवर लावला, तर तो बरेचदा पहिल्या पाच मिनिटांतच कायमचा जातो. लावण्याआधी तो चांगला असतो, फक्त ओला असतो. वाळवला असता तर आणखी तीस वर्षे चालला असता. २००० ते ३००० व्होल्टचे असे ट्रान्सफॉर्मर आता नव्याने कोणी सहज बनवून देत नाही, आणि रीवाइंडिंगला लागणारी तांब्याची तार आजच्या भावात परवडत नाही. म्हणून घाई न करता चार-पाच दिवस वाळवणीला द्यावेत.

आधी आत काय बिघडते ते पाहू. एचटी वाइंडिंगमध्ये (उच्च व्होल्टच्या गुंडाळीत) तारेचे थर एकावर एक असतात आणि प्रत्येक दोन थरांमध्ये क्राफ्ट कागद असतो. २५०० व्होल्टचे वाइंडिंग २५ थरांचे धरले, तर दर थराला १०० व्होल्ट येतात, आणि लगतच्या दोन थरांच्या उघड्या टोकाला २०० व्होल्टचा फरक पडतो. कोरड्या कागदाला हे काहीच नाही. पण मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली आर्द्रता ८० ते ९० टक्क्यांच्या घरात असते, आणि अशा हवेत गोदामात पडून राहिलेला कागद आपल्या वजनाच्या १० टक्क्यांहून जास्त पाणी धरतो. मोठे पॉवर ट्रान्सफॉर्मर कारखान्यातून निघतात तेव्हा कागदातले पाणी अर्ध्या टक्क्याच्या आसपास आणलेले असते, यावरून फरक लक्षात यावा. ओल्या कागदातून बारीक करंट वाहू लागतो, ती जागा तापते, कागद काळा पडतो, कोळशाचा माग तयार होतो आणि दोन थर शॉर्ट होतात. त्यापुढे कितीही वाळवले तरी उपयोग नाही.

आधी ओळख पटवा

सगळ्याच ट्रान्सफॉर्मरना एकच उपचार चालत नाही. उघड्या कोअरचा (लोखंडी गाभ्याचा), वार्निश केलेला, कागद आणि एम्पायर क्लॉथ (वार्निश मुरवलेले कापड) दिसणारा असेल तर तो वाळवायला सर्वात सोपा. पत्र्याच्या डब्यात डांबर ओतून बंद केलेला असेल तर ६५ अंशांच्या वर नेऊ नका. डांबर मऊ होऊन वाहते, वाइंडिंगचा आधार जातो आणि बुशिंगच्या (तार डब्याबाहेर आणणाऱ्या इन्सुलेटरच्या) फटीतून काळा ओघळ बाहेर येतो. मेण भरलेल्यांचेही तेच. अशा बंद डब्यात पाणी सहसा बुशिंगच्या तडकलेल्या सीलमधून शिरते आणि बाहेर पडायलाही त्याला तेवढीच वाट असते. आठवडाभर ६० अंशांवर ठेवून मेगरचा (इन्सुलेशनचा रेझिस्टन्स मोजणाऱ्या मीटरचा) आकडा हलला नाही, तर तो ट्रान्सफॉर्मर कमी व्होल्टच्या कामाला ठेवावा. तेलात बुडवलेल्यांचे वेगळे आहे, ते पुढे येईल.

नेमप्लेट नीट वाचा. अमेरिकन युद्धकालीन माल बहुतेक ११५ व्होल्ट, ६० सायकलचा (हर्ट्झचा) असतो. आपल्या ५० सायकलवर त्याला ९६ व्होल्टच्या वर देऊ नये, नाहीतर कोअर सॅच्युरेट होऊन तो विनाकारण तापतो आणि दोष ओलीवर जातो. विमानातल्या सेटचा, आकाराने चिमुकला आणि ४०० सायकल लिहिलेला असेल तर तो मेन्सवर चालणारच नाही. वाळवण्याचे कष्टही घेऊ नका.

मग साध्या मल्टिमीटरने प्रत्येक वाइंडिंगचा रेझिस्टन्स मोजून खोलीच्या तापमानासह लिहून ठेवा. हा आकडा पुढे थर्मामीटरचे काम करतो. सेंटर टॅप (एचटी वाइंडिंगच्या मध्यातून काढलेले टोक) आतूनच बॉडीला जोडलेला आहे का तेही आत्ताच पाहा. असेल तर तो सोडवल्याशिवाय मेगर लावण्यात अर्थ नाही. शेवटी वजन करा. पाच ग्रॅमपर्यंत दाखवणारा, ३० किलोचा इलेक्ट्रॉनिक काटा किराणावाल्याकडेही मिळतो. २० किलोच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये किलोभर कागद धरला तर त्यातून ५० ते १०० ग्रॅम पाणी निघू शकते, आणि ते काट्यावर दिसते.

पृष्ठभागाची घाण म्हणजे ओल नव्हे

हा मुद्दा मुंबईत इतर कुठल्याही गावापेक्षा महत्त्वाचा आहे. वर्सोवा, कुलाबा, माहीम अशा समुद्राजवळच्या भागात पडून राहिलेल्या मालाच्या टर्मिनल पट्टीवर धूळ आणि मीठ यांचा थर बसतो. मीठ हवेतले पाणी ओढते. मेगर लावला की २ मेगओहम दाखवतो आणि आपण समजतो की वाइंडिंग ओले आहे. प्रत्यक्षात करंट पट्टीच्या अंगावरून वाहत असतो.

नुसत्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने मीठ निघत नाही, ते त्यात जवळजवळ विरघळतच नाही. आधी ब्रशने आणि ब्लोअरने सुकी धूळ काढा. मग बॅटरीच्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये तेवढेच अल्कोहोल मिसळून, कापसाचा बोळा जेमतेम ओला करून टर्मिनल, बुशिंग आणि हायलमची (कागद-रेझिनच्या इन्सुलेटिंग शीटची) पट्टी पुसा. बोळा पांढरा येईपर्यंत बदलत राहा. शेवटी शुद्ध अल्कोहोलने पुसून घ्या. पाणी वाइंडिंगवर ओघळता कामा नये. पट्टीवर काळी, झाडाच्या फांदीसारखी रेघ दिसली तर तो कोळशाचा माग आहे. तो पुसून जात नाही. पट्टी नवीन हायलमची, ६ मिलिमीटरची, कापून बसवा. हायलम शीट लोहार चाळीत मिळते.

मेगरला ‘G’ लिहिलेले गार्ड टर्मिनल असेल तर त्याचा उपयोग इथे होतो. बुशिंगच्या पोटाला उघड्या तांब्याच्या बारीक तारेचा एक वेढा घट्ट आवळा आणि तो गार्डला जोडा. अंगावरून वाहणारा करंट मोजणीतून वगळला जातो आणि आतल्या इन्सुलेशनचा खरा आकडा मिळतो. गार्ड लावून आकडा एकदम दसपट वाढला, तर अजून सफाई बाकी आहे असे समजावे.

मेगर कसा लावायचा

सुरुवात ५०० व्होल्टच्या मेगरने करा. ओल्या इन्सुलेशनवर थेट २५०० व्होल्ट लावणे म्हणजे वाळवण्याआधीच त्याची परीक्षा घेणे, आणि त्यात ते नापास होऊन निकामी होऊ शकते. मोजण्या तीन: एचटी ते कोअर, प्रायमरी (मेन्सकडचे वाइंडिंग) ते कोअर, एचटी ते प्रायमरी. मोजताना प्रत्येक वाइंडिंगची दोन्ही टोके एकत्र बांधा आणि ज्या वाइंडिंगची पाळी नाही ते कोअरला जोडा. एक मिनिटाचा आकडा लिहा, मग मेगर तसाच चालू ठेवून दहा मिनिटांचा लिहा. दहा मिनिटांचा भागिले एक मिनिटाचा, हा पोलरायझेशन इंडेक्स. १ च्या आसपास आला तर ओल किंवा घाण आहे. १.५ च्या वर असेल तर आशा आहे. आकडा मुळातच हजारो मेगओहमचा असेल, तर छोट्या ट्रान्सफॉर्मरमध्ये या भागाकाराला फारसे महत्त्व देऊ नका.

मेगर काढल्यावर वाइंडिंगमध्ये चार्ज राहतो. जितका वेळ मेगर लावला त्याच्या चौपट वेळ टोके शॉर्ट करून अर्थला जोडून ठेवा.

कोरड्या प्रकारच्या जुन्या एचटी ट्रान्सफॉर्मरला, १००० व्होल्टच्या मेगरवर, ३० अंशांना निदान १०० मेगओहम हवेत असे आम्ही धरतो. ५०० च्या वर गेला तर निर्धास्त. प्रति किलोव्होल्ट एक मेगओहम आणि वर एक, हा मोटरवाल्यांचा जुना नियम इथे लावू नका. तेवढ्यावर अडीच हजार व्होल्ट द्यायला धजू नये.

पेटी

साठ-सत्तर अंशांपासून नव्वदपर्यंत स्थिर राहणारी, हवा खेळणारी पेटी हवी. मोटर रीवाइंडिंगच्या दुकानात वार्निश सुकवायची भट्टी असते. ती ९० वर लावून देणारा ओळखीचा कारागीर असेल तर उत्तम. पावडर कोटिंगच्या भट्ट्यांच्या वाटेला जाऊ नका. त्या १८० ते २०० अंशांवर चालतात आणि जुना कागद तिथे जळतो.

स्वतः बनवायची तर जीआय पत्र्याची, आतून ६० बाय ५० बाय ५० सेंटिमीटर, सर्व बाजूंनी ५० मिलिमीटर ग्लास वूल. एवढ्या पेटीला ९० अंशांवर टिकून राहायला १५० वॉटच्या आसपास लागतात. ट्रान्सफॉर्मरचे लोखंड तापवायला वर थोडे जास्त हवेत. १०० वॉटचे चार साधे पिवळे बल्ब पुरतात. होल्डर पोर्सेलिनचे घ्या, बेकलाइटचे तडकतात. आतली वायर टेफ्लॉनची किंवा ग्लास स्लीव्हमधली. साधी पीव्हीसी ७० अंशांना मऊ पडते. बल्ब आणि ट्रान्सफॉर्मर यांच्यात पत्र्याचा आडोसा हवाच, नाहीतर बल्बसमोरची बाजू ११० वर आणि मागची ६० वर राहते. कंट्रोलला ओव्हनचा कॅपिलरी थर्मोस्टॅट चालेल, पण त्याच्या सिरीजमध्ये ११०-१२० अंशांचा थर्मल फ्यूज टाका. थर्मोस्टॅटचे पॉइंट चिकटले तर रात्रीत सगळे संपते. तळाला २० मिलिमीटरची दोन भोके आणि झाकणात दोन. ही भोके बंद करण्याचा मोह होतो कारण तापमान लवकर चढते. बंद केली की वाफ आतच फिरत राहते.

पावसाळ्यात वाळवून काय उपयोग, बाहेरची हवाच ओली, असे विचारले जाते. ३० अंशांची, ८५ टक्के आर्द्रतेची हवा ९० अंशांपर्यंत तापली की तिची सापेक्ष आर्द्रता ५ टक्क्यांवर येते. फेब्रुवारीतली हवा घेतली तर ती २-३ टक्क्यांवर येईल. फरक आहे, पण थांबून राहण्याइतका नाही. पावसाळ्यातली खरी अडचण पेटीतून बाहेर काढल्यानंतर सुरू होते.

गच्चीवर मे महिन्याच्या उन्हात पत्र्याच्या डब्यात ठेवणे हा उपाय अनेकजण सुचवतात. दिवसा निघालेली ओल रात्री परत जाते. साठवणीला ठीक, वाळवणीला नाही.

तापवण्याची गती आणि मेगरचा आलेख

पहिल्या दिवशी ६० ते ६५ अंश, त्यापुढे नाही. याला कारण आहे. गरम आणि ओला असा दोन्ही असताना कागद सर्वात वेगाने झिजतो. शिवाय वाइंडिंगच्या पोटातले पाणी एकदम तापले तर वाफेचा दाब थर फुगवतो. तासाला ५ ते १० अंश, एवढ्याच वेगाने चढा. दुसऱ्या दिवशी ७५, तिसऱ्या दिवशी ८५ ते ९०. त्या काळच्या कापूस-कागद इन्सुलेशनची मर्यादा १०५ अंशांची आहे, पण ती नव्या मालाची. साठ-सत्तर वर्षांच्या कागदाला ९५ च्या पुढे नेऊ नये.

तापमान पेटीच्या हवेचे नव्हे, वाइंडिंगचे धरायचे. के-टाइप थर्मोकपल उष्णता सोसणाऱ्या कॅप्टन टेपने वाइंडिंगला चिकटवा, आणि खात्रीसाठी एचटी वाइंडिंगचा रेझिस्टन्स पाहा. ३० अंशांना १०० ओहम होता तो ९० अंशांना १२३ झाला पाहिजे. ११५ वरच असेल तर आतला गाभा अजून ७० च्या आसपासच आहे.

आता दर दोन-तीन तासांनी मेगर लावून आकडा, वेळ आणि तापमान वहीत लिहा. नवखा माणूस इथे घाबरतो. तापू लागताच आकडा वाढण्याऐवजी कोसळतो. ४० मेगओहम होता तो ३, मग १.५. हे बरोबर आहे. दर १० अंशांना इन्सुलेशनचा आकडा साधारण निम्मा होतो, शिवाय आतली ओल बाहेरच्या थरांकडे सरकू लागते. मग बराच वेळ, कधी पूर्ण दिवस, आकडा तळाला पडून राहतो. या काळात झाकणाच्या भोकावर स्टीलचा थंड चमचा धरला तर त्यावर दव जमते. त्यानंतर तापमान तेच असूनही आकडा हळूहळू चढायला लागतो: २, ५, ११, १८, आणि पुढे सपाट होतो. एकाच तापमानाला, तीन-तीन तासांच्या अंतराने, लागोपाठ चार आकडे जवळपास सारखे आले आणि काट्यावरचे वजनही थांबले, की वाळवणी झाली. पाच किलोच्या ट्रान्सफॉर्मरला दीड-दोन दिवस, पंचवीस किलोच्या ट्रान्सफॉर्मरला तीन ते पाच दिवस लागतात. घड्याळ पाहून बंद करू नका, आलेख पाहून बंद करा.

९० अंशांना २० मेगओहम हा आकडा किरकोळ वाटतो, पण सहा वेळा दुप्पट केला की ३० अंशांना १२८० मेगओहम होतो. हा हिशेब आधीच मांडून ठेवला तर विनाकारण वाळवत बसावे लागत नाही.

आतून ऊब देणे

पेटीची उष्णता बाहेरून आत जाते आणि ओल आतून बाहेर यायची असते. म्हणून जाड वाइंडिंगला थोडा करंट देऊन आतूनही तापवल्यास काम लवकर होते. एचटीची दोन्ही बाहेरची टोके जाड तारेने शॉर्ट करून अर्थला बांधा, आणि प्रायमरीला डिमरस्टॅटने (व्होल्ट कमी-जास्त करणाऱ्या व्हेरिएबल ट्रान्सफॉर्मरने) अगदी कमी एसी द्या. १ केव्हीए, २३० व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरचा पूर्ण करंट ४.३ अँपिअर. शॉर्ट केलेल्या स्थितीत तो १०-१२ व्होल्टलाच वाहू लागतो. पूर्ण देऊ नका. ६० टक्के, म्हणजे अडीच अँपिअर, सुमारे ७ व्होल्ट. त्यातून दहा-बारा वॉट उष्णता निघते, पेटीच्या आत ती पुरते.

डिमरस्टॅट थेट प्रायमरीला जोडू नका. मध्ये २३० ते २४ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर ठेवा. डिमरस्टॅटला आयसोलेशन नसते, हे एक. दुसरे, एचटीचा शॉर्ट निघाला आणि कोणाचा हात लागून डिमरस्टॅट वर गेला, तर २४ व्होल्टच्या मर्यादेमुळे एचटीला २६० व्होल्टच्या पुढे जाता येत नाही. तेही कमी धोक्याचे नाही, पण अडीच हजारांपेक्षा बरे.

फिल्टर चोकला (सप्लायमधला डीसी सपाट करणाऱ्या कॉइलला) दुसरे वाइंडिंग नसते, त्यामुळे त्याला डीसी द्यावा लागतो. १० हेन्रीच्या चोकमधून वाहणारा करंट अचानक तोडला की टोकांवर हजारो व्होल्ट उठतात आणि ओले इन्सुलेशन तिथेच फुटते. चोकवर १एन५४०८ डायोड उलटा जोडा आणि बंद करताना सप्लाय शून्यावर आणूनच तोडा. प्लेट ट्रान्सफॉर्मरला डीसी देण्याची वेळ आली तर एचटी शॉर्ट आणि अर्थ केलेली असलीच पाहिजे, कारण प्रायमरीतला तोच झटका तिकडे दसपट होऊन पोचतो.

व्हॅक्यूम

एसी मेकॅनिककडचा रोटरी पंप मिळाला तर काम निम्म्या वेळात होते. १०० मिलिबारला पाणी ४६ अंशांना उकळते, ५० ला ३३ अंशांना. डांबर भरलेल्यांसाठी तर हाच मार्ग. पण व्हॅक्यूममध्ये उष्णता पोचवायला हवाच नसते. म्हणून आधी पेटीत पूर्ण तापवा, मग गरमच चेंबरमध्ये टाकून दोन तास पंप चालवा, मग पुन्हा तापवा. तीन-चार फेऱ्या. चेंबर जाड एमएस पाइपचा, दोन्ही टोकांना १० मिलिमीटरची प्लेट. ३०० मिलिमीटर व्यासाच्या झाकणावर हवेचा भार ७०० किलोच्या वर येतो, त्यामुळे काच किंवा पातळ पत्रा नको. रबर गॅस्केट आणि होज नागदेवी स्ट्रीटला मिळतात. पंप आणि चेंबर यांच्यात बर्फ-मिठात बुडवलेली बाटली ठेवा, वाफ तिथे गोठते. पंपाचा गॅस बॅलास्ट (पंपातली वाफ बाहेर काढणारा व्हॉल्व्ह) उघडा ठेवा आणि काम झाले की पंपाचे तेल बदला, ते ताकासारखे पांढरे झालेले असते.

व्हॅक्यूम चालू असताना मेगर लावू नका, कोणताही सप्लाय देऊ नका. हवा विरळ झाली की तिची सहनशक्ती वाढत नाही, उलट एका ठराविक दाबापर्यंत घटत जाते, आणि साडेतीनशे व्होल्टलाही ठिणगी उडते. चेंबरमध्ये हवा परत सोडताना ती सिलिका जेलच्या नळीतून सोडा.

बाहेर काढल्यावर

गार होणारा कोरडा कागद भोवतालची हवा आत ओढतो. जुलैत रात्रभर टेबलावर उघडा ठेवला तर बाहेरच्या थरांची मेहनत सकाळपर्यंत वाया जाते. पेटी बंद करून त्यातच ६० ते ७० अंशांपर्यंत उतरू द्या आणि त्याच गरमीत वार्निश द्या. एअर-ड्राइंग क्लिअर इन्सुलेटिंग वार्निश, एलान्टास बेकसारख्या (पूर्वीची डॉ. बेक) नावाजलेल्या कंपनीचे, थिनरने दुधाइतके पातळ करून. शक्य असेल तर पूर्ण बुडवा, बुडबुडे थांबेपर्यंत ठेवा, वर काढून तासभर निथळू द्या आणि भट्टीत, वार्निशच्या डब्यावर लिहिलेल्या तापमानाला सुकवा. थिनरची वाफ पेट घेते. निथळायला तासापेक्षा कमी वेळ देऊ नका आणि या फेरीत बल्बची पेटी वापरू नका, हवा बाहेर ओढणारी वार्निशची भट्टीच हवी. बुडवण्याआधी थिनरचा बोळा जुन्या तारेच्या एखाद्या टोकावर घासून पाहा. जुने एनॅमल सुरकुतले तर ते थिनर बाद.

न वाळवता वार्निश देणे ही सर्वात महागात पडणारी चूक. पाणी आत कोंडले जाते आणि नंतर कोणत्याच उपायाने निघत नाही. बाजारात चकचकीत वार्निशचा जुना ट्रान्सफॉर्मर दिसला तर म्हणूनच आधी मेगर मागावा.

पहिल्यांदा सप्लाय देताना

आधी कमी व्होल्टवर टर्न्सचे (वेढ्यांचे) प्रमाण तपासा. २३० ला २५०० असेल, तर प्रायमरीला १० व्होल्ट एसी दिल्यावर एचटीला १०८-१०९ व्होल्ट मिळायला हवेत. साध्या मीटरने मोजता येतात. बरेच कमी मिळाले किंवा १० व्होल्टलाच करंट ओढू लागला, तर टर्न शॉर्ट आहे.

मग १०० वॉटचा सिरीज लँप, त्यापुढे डिमरस्टॅट, त्यापुढे प्रायमरी. एचटी उघडी, कोअर आणि सेंटर टॅप पक्के अर्थला. ५० व्होल्टपासून सुरू करून पंधरा-पंधरा मिनिटांनी २५ व्होल्टची पायरी. बल्ब काळाच राहिला पाहिजे. दीडशेच्या पुढे खोलीत अंधार करा. वाइंडिंगच्या कडेला निळसर चमक, बारीक फुसफुस किंवा ओझोनचा वास आला तर लगेच शून्यावर या, परत पेटीत. पूर्ण व्होल्टला नो-लोड करंट पूर्ण करंटच्या १० टक्क्यांच्या आत हवा. आधी डीसी दिला असेल तर कोअरमध्ये चुंबकत्व उरते आणि थेट स्विच दाबला की फ्यूज उडतो. डिमरस्टॅटने चढवल्यावर ते आपोआप निघते.

एचटी चालू असताना मोजमाप करू नका. दिवसभर नो-लोड चालवून, बंद करून, अर्थ स्टिकने (अर्थला जोडलेल्या इन्सुलेटेड दांड्याने) टोके शॉर्ट केल्यावर हात लावून पाहा. कोमट असला पाहिजे. हे काम एकट्याने, रात्री उशिरा करू नये. दुसरा माणूस मेन स्विचजवळ उभा हवा आणि त्याला कोणता स्विच पाडायचा ते आधी दाखवलेले हवे.

तेलातले ट्रान्सफॉर्मर

टाकी उघडण्यापूर्वी प्लेटवर ॲस्करेल, पायरॅनॉल किंवा इनर्टीन लिहिले आहे का ते पाहा. ही पीसीबीची (पॉलिक्लोरिनेटेड बायफिनाइलची) तेले, घातक. प्लेट नसेल तर नायट्राइल हातमोजे घालून ड्रॉपरने चार थेंब पाण्याच्या बाटलीत टाका. मिनरल ऑइल तरंगते, ॲस्करेल बुडते. मात्र तरंगले म्हणजे पीसीबीची भेसळ मुळीच नाही असे नव्हे, ते प्रयोगशाळाच सांगू शकते. बुडाले तर बाटली आणि टाकी बंद करा. तापवू नका, जाळून पाहू नका, गटारात ओतू नका. २०१६ च्या केंद्रीय आदेशाने पीसीबीचा व्यापार बंद झाला आणि वापरालाही ३१ डिसेंबर २०२५ ही शेवटची मुदत होती. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्या घातक कचरा केंद्राकडेच असा ट्रान्सफॉर्मर द्यावा लागतो.

साधे मिनरल ऑइल असेल तर जुने काढून टाका. कोअर-कॉइल वर उचला, रात्रभर निथळू द्या आणि वर सांगितल्याप्रमाणे वाळवा. तेल मुरलेला कागद ओल सोडायला जवळपास दुप्पट वेळ घेतो. निथळणारे तेल बल्बवर पडता कामा नये, म्हणून इथे बल्ब बाजूला आणि खाली ट्रे. नवे तेल आयएस ३३५ या भारतीय मानकाचे घ्या. २.५ मिलिमीटर गॅपवर ते न गाळता ३० किलोव्होल्ट आणि गाळून ७० किलोव्होल्ट टिकले पाहिजे. बीडीव्ही (तेल किती व्होल्टला फुटते ते मोजणारा) टेस्ट सेट ट्रान्सफॉर्मर दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये असतो, थोड्या पैशांत करून देतात. तेल भरल्यावर चोवीस तास सप्लाय देऊ नका. कागदातली हवा निघून तेल मुरायला तेवढा वेळ लागतो.

पावसाळ्यात सांभाळणे

रोज चालणारा ट्रान्समीटर स्वतःच्या उष्णतेने कोरडा राहतो. महिन्यातून एकदा लागणाऱ्या सेटच्या तळाला, एचटी कंपार्टमेंटच्या बाहेरून वायर आणून, १५ वॉटचा बल्ब जून ते सप्टेंबर चालू ठेवा. आतली हवा बाहेरपेक्षा पाच-सहा अंश गरम राहिली तरी आर्द्रता ६०-६५ टक्क्यांवर उतरते. सुटा ट्रान्सफॉर्मर जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत, अर्धा किलो सिलिका जेलसह, तोंड टेपने बंद करून ठेवा. निळ्याचा गुलाबी किंवा नारिंगीचा हिरवा झाला की जेल ओव्हनमध्ये १२० अंशांवर तीन तास भाजून परत टाका. पिशवीवर शेवटच्या मेगरचा आकडा, तापमान आणि तारीख मार्करने लिहा. पुढच्या वेळी काढल्यावर त्याच तापमानाला आकडा निम्म्याहून खाली आलेला दिसला, तर सप्लाय देण्याआधी ६५ अंशांवर एक दिवस पेटीत ठेवा.